आमच्या आळीत फटफटी बंद

सर वर्गात यायचे तेव्हा त्यांच्या पँटच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे. बेलबॉटमचा घेर फटफटीच्या चेनमध्ये जाऊ नये म्हणून घरून निघताना ते चिमटे लावत आणि शाळेत पोचल्यावर काढायला विसरत. भूगोलाच्या तासाला फळ्यावर नकाशा काढताना सर चवड्यांवर उंच होत, आणि आम्ही कोकण किनारपट्टी सोडून त्या चिमट्यांकडे बघत बसायचो. सांगायची कुणाची छाती नव्हती. एकदा एकाने धीर करून सांगितलं. सरांनी खाली वाकून बघितलं, चिमटे काढले, टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आज पटावर दोन जास्त लिही."

वर्गात ते माणसांची भाषा कमी आणि गाडीची जास्त बोलत. उत्तर येत नसेल तर "न्यूट्रलमध्ये आहेस, गिअर टाक." घोकंपट्टी करणाऱ्याला "नुसता रेस करतोयस, गाडी जागच्या जागी आहे." माझ्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी एकदा लिहिलं होतं, 'चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही.' वडिलांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूट सही केली.

फटफटी लाल टाकीची होती. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड फार दिवस तग धरत नाही. मडगार्डं पावडर होऊन गळतात. सर दर रविवारी फटफटीला खोबरेल चोळत, आणि बाटलीत उरलेलं स्वतःच्या डोक्याला. त्यामुळे सर आणि फटफटी दोघांना एकच वास यायचा. धूरही इतका सोडायची की संध्याकाळी सर गेल्यावर काही वेळ डास येत नसत, असं माझी काकी म्हणायची.

बेलबॉटम तर आमच्या लहानपणीच जुनी झाली होती. अलिबागचा टेलर सरांना म्हणायचा, "सर, आता बॅगी चालते." सर म्हणायचे, "चालू दे. मी इथंच उभा आहे." आणि खरंच तिथंच उभे राहिले. क्रीम रंगाची टेरिकॉटची पँट, पांढरा शर्ट, खांद्यापर्यंत पोचणारी कॉलर, डोळ्यांवर चहाच्या रंगाचा गॉगल. परवा माझ्या मुलीने तसलीच पँट मागवली तेव्हा मी तिला म्हटलं, ही आमच्या सरांची आहे. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

पण सर गावात प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ते बौद्धवाडीत राहायचे, गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडे. शाळा वरच्या टोकाला. मध्ये आमची आळी. दोन्ही बाजूंना तीसेक घरं, प्रत्येक घराला ओटा आणि ओट्यावर कुणीतरी बसलेलं. सर वाडीतून भरधाव यायचे. आळीच्या तोंडाशी पिंपळ आहे, तिथं आले की फटफटी बंद करून उतरायचे आणि हँडल धरून ढकलत अख्खी आळी पार करायचे. मारुतीच्या देवळाशी आळी संपली की किक मारून पुन्हा बसायचे. जाताना तसंच, येताना तसंच. पावसाळ्यात चिखलातून ढकलायचे. मे महिन्यात पेपर तपासायला जाताना शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, गॉगल नाकावर घसरलेला. पण देऊळ येईपर्यंत सर काही बसायचे नाहीत.

याची कारणं त्यांनी ज्याला त्याला वेगळी सांगितली होती. देवळातल्या पुजाऱ्याला सांगितलं, तुमच्या पोथीत व्यत्यय नको. काकीला सांगितलं, तुमची एखादी कोंबडी चाकाखाली आली तर तुम्ही मला रश्श्यालाही बोलावणार नाही. आम्हाला सांगितलं, इंजिनाला दम खाऊ द्यावा लागतो. सगळी कारणं पटण्यासारखी होती, त्यामुळे एकही कुणाला पटलं नव्हतं. "मास्तराचा एक नट ढिला हाय," यावर आळीचं एकमत होतं. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून शाळेकडे जाणारा दुसरा रस्ता होता. थोडा लांबचा, पण मोकळा. तिथून सरांना आरामात बसून जाता आलं असतं. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

माझे आजोबा त्या वेळी ओट्यावरच्या झोपाळ्यावर असायचे. गावचे पंच. त्यांचा शब्द आळीत कुणी खाली पडू द्यायचं नाही. फणसाचे गरे काढून आठळ्या वेगळ्या करून माझ्या हातात द्यायचे, हे मला आजही आठवतं. सर पिंपळापाशी दिसले की आजोबा उठून आत जायचे. ती त्यांची चहाची वेळ, अशीच आम्हा पोरांची समजूत होती. आई चहा टाकायचीही.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आमच्या दहावीच्या बॅचचा मोबाइलवरचा ग्रुप. नाव 'आठवणींची पेटी'. पन्नाशी उलटलेली तीस-पस्तीस माणसं तिथं रोज सकाळी जुन्या वस्तूंचे फोटो टाकतात. डायनामोची सायकल, पाय मारत सुरू करायची मोपेड, हँडलवर गिअर असलेली स्कूटर, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली पांढरी मोटार. खाली सगळे लिहितात, काय दिवस होते ते. मीही लिहितो. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या मॉनिटरने टूम काढली. तो आता पनवेलला ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. गावात बॅचचा मेळावा घ्यायचा, सगळ्यांनी त्या वेळचे कपडे घालून यायचं, ज्याच्याकडे जुनी गाडी असेल त्याने ती आणायची, आणि आळीतून सगळ्या गाड्यांची फेरी काढायची. पुढे सर. "आणि ह्या टायमाला सरांना गाडीवर बसवूनच आणायचं," त्याने लिहिलं. "बिचाऱ्यांनी सर्व्हिसभर ढकलली." त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पडले. मी अलिबागला कोर्टात कारकून. गावाला सगळ्यांत जवळचा. सरांना राजी करायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी गेलो. सर पडवीत होते. गुडघ्यापर्यंत कापलेली जुनी बेलबॉटम घालून फटफटीला तेल लावत होते. चुंबळीसारखी गुंडाळलेली चिंधी, खोबरेलाची बाटली, सगळं तेच. चौऱ्याहत्तरीला आले असतील, पण हात थांबत नव्हता. मी मेळाव्याचं सांगितलं. खूश झाले. कोण कोण येणार ते विचारून घेतलं, कोण कुठल्या गिअरमध्ये आहे तेही.

"फक्त एक विनंती आहे सर. यंदा आळीतून बसून यायचं."

"मी ढकलत आणीन. सवय आहे."

"पण का सर? पोथी बंद झाली. कोंबड्यासुद्धा राहिल्या नाहीत आता आळीत."

सर चेनकव्हर पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना विचार."

मला हसू आलं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली. मला वाटलं, सरांचा नेहमीचा विनोद.

सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. "हसतोय बगा. त्याला कायच म्हाईत न्हाय. सांगा की त्याला."

"राहू दे," सर म्हणाले.

"आता कशाला राहू दे? मी सांगते." काकूंनी कप माझ्या हातात दिला आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. "गाडी नवी आणली त्यो दिवस दसऱ्याचा. तुमचा दसरा, आमचा दीक्षेचा दिवस. सासूबाईनी नवं पांढरं लुगडं नेसलेलं. लेक ज्या शाळंत मास्तर झाला ती शाळा त्यांनी आतनं कदी बगितली नव्हती. म्हनल्या, चल, मला दाखव. ह्यांनी मागं बसवली नि निगाले. निम्म्या आळीत तुमच्या ओट्यावरनं आवाज आला. उतर खाली. आमच्या दारावरनं बसून जातोस, नि वर म्हातारीला बसवून? दोगं उतरली. सासूबाई तितनंच मागं फिरल्या, चालत. शाळा काय बगितली न्हाय. त्या गाडीवर परत बसल्या न्हायत. मरेस्तवर."

हातातला कप मी खाली ठेवला. काकूंनी आवाज काही मुद्दाम काढला नव्हता, तरी मला आजोबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. त्याच आवाजात ते मला जेवायला हाक मारायचे.

मग मी एक मूर्खासारखा प्रश्न विचारला. "मग सर, बांधावरून जायचंत ना. रोज आमच्या दारातून कशाला?"

"बांधावर बघायला कोण होतं?" सर म्हणाले. "तुझे आजोबा रोज उठून आत जायचे. सव्वीस वर्षं. मी बघायचो."

"आणि ते गेल्यावर?"

सरांनी चिंधी बाजूला ठेवली. "गेल्यावर म्हटलं, आता बसून जावं. पिंपळाशी आलो. हात आपसूक चावीकडे गेला, बंद केली. आता हे माझं आहे की त्यांचं, हे मलाही नीट सांगता येत नाही. परीक्षेत आलं तर मी ऑप्शनला टाकीन."

तिथून मी गावातल्या घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. ऐंशीच्या वर आहे, पण डोळे चांगले आहेत. मी विचारलं, तुला ठाऊक होतं का.

"व्हय तर. मी ओट्यावरच व्हते, धुन्याची बादली हातात."

"आणि काही बोलली नाहीस?"

"मामंजींम्होरं? मी?" तिने एक खडा बाजूला टाकला. "आनि तू पन व्हतास की. झोपाळ्यावर, त्यांच्या शेजारी. सात-आठ वर्षांचा असशील. लाल गाडी बगून टाळ्या पिटल्यास."

हे मला आठवत नाही. म्हणजे असं की, फटफटी पहिल्यांदा पाहिली ते मला लख्ख आठवतं. टाकीचा तो लाल रंग, त्यावर पडलेलं ऊन, चाकाच्या आऱ्यांना गुंडाळलेले रंगीत कागद. ग्रुपवर मी तीनदा तरी लिहिलंय त्याबद्दल. पण माझ्या त्या आठवणीत आजोबा नाहीत, म्हातारी नाही, कुणी खाली उतरत नाही. नुसती लाल टाकी आहे. बाकीचं मी कधी, कुठे सांडलं? की सात वर्षांच्या पोराला ते इतकं रोजचं वाटलं की लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच? दुसरी शक्यता मला जास्त भिववते.

"मग चहा कशाला टाकायचीस रोज?" मी विचारलं.

"त्यांना आत याला कायतरी निमित्त नको?" आई म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

तिने ते कुणासाठी केलं, सासऱ्याची लाज राखायला की ती त्यांना रोज जाणवावी म्हणून, हे मी विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

ग्रुपवर मी एवढंच कळवलं की सर येतील. बाकी काही लिहिलं नाही. आनंदाच्या कार्यक्रमात कशाला, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला आजोबांचं नाव तिथं लिहायचं नव्हतं. पण मनाशी एक ठरवलं होतं. त्या दिवशी आमच्या दारात मी स्वतः सरांना गाडीवर बसवणार. फार मोठी गोष्ट करणार आहोत असं वाटत होतं मला. त्या विचाराने आठवडाभर माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं.

मेळाव्याच्या सकाळी पिंपळाखाली नुसती जत्रा. मॉनिटर केसांचा टोप लावून, पोटावर न मिटणारी बेलबॉटम घालून आला होता. एकाने वडिलांची स्कूटर आणलेली, ती चालू होईना म्हणून टेम्पोतून. किहीमला कॉटेज असलेल्या एकाने पांढरी मोटार आणली होती आणि तिला कुणी हात लावला की रुमालाने पुसत होता. तेवढ्यात वाडीकडून आवाज आला आणि लाल टाकी दिसली. क्रीम पँट, गॉगल, पायांना चिमटे. शिट्ट्या, टाळ्या. सर पिंपळापाशी आले, चावी फिरवली आणि उतरले.

"सर, आज नाय हां! आज चीटिंग नाय!" मॉनिटर ओरडला.

सर हसले आणि ढकलू लागले. सगळे मोबाइल वर झाले. पोट धरून हसत होते सगळे, प्रेमाने हसत होते, हे मी शपथेवर सांगेन. सरांना धाप लागली होती. दोन घरांनंतर ते थांबले, घाम पुसला, पुन्हा निघाले. मागून स्कूटरचा टेम्पो, त्यामागे पांढरी मोटार, सगळे पायी चालणाऱ्याच्या वेगाने. आमचा ओटा आला. आई खुर्चीवर बसलेली होती.

मी गर्दीतून पुढे झालो आणि हँडलला हात लावला. आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हणालो. "सर, बसा. आमच्या घराच्या वतीनं सांगतो. बसा."

सरांनी गॉगल कपाळावर घेतला. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. रागावलेले मुळीच नव्हते. चुकीचं उत्तर देणाऱ्या बऱ्या मुलाकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते.

"तेव्हा तुमच्या घरानं सांगितलं म्हणून उतरलो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता तुमच्या घरानं सांगितलं म्हणून बसू?"

मी हात काढून घेतला. सर ढकलत पुढे गेले. मागची गर्दी मला वळसा घालून गेली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "ऐकणार नाय रे ते." देवळाशी तिसऱ्या किकला फटफटी सुरू झाली आणि सगळ्यांनी धुरात टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ पडला. 'सेम टू सेम सर!' 'असे शिक्षक होणे नाही.' 'ते दिवस परत येणार नाहीत.' ते शेवटचं वाचलं आणि मला राहवलं नाही. मी सगळं लिहिलं. दसरा, ओटा, आजोबांचं नाव, मी वाजवलेल्या टाळ्या. मागे एका बाजूला पाय सोडून, जीव मुठीत धरून बसलेली ती म्हातारी. पाठवून दिलं.

एरवी कुणाच्या नातवाच्या दाताचा फोटो आला तरी तीस उत्तरं येतात. यावर पहिलं उत्तर रात्री उशिरा आलं, मॉनिटरचं, 'अरे भावा, जुनं कशाला उकरून काढतो? मस्त दिवस गेला ना.' त्याला दहा-बारा अंगठे पडले. 'आठवणींची पेटी' नावाच्या ग्रुपवर हे. मग वाडीतल्या आमच्या एका वर्गमैत्रिणीने लिहिलं, 'आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही कुणी विचारलं नाही.' त्याला कुणी अंगठा दिला नाही. मी दिला, मग वाटलं, माझ्या अंगठ्याचं तिला काय करायचंय, आणि काढून घेतला. मग पुन्हा दिला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जायला एसटी स्टँडवर आलो होतो तेव्हा सरांचा फोन आला. मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"वाचलं तू लिहिलेलं."

"हो सर." मी जागच्या जागी उभा राहिलो. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस म्हणतील, की बरं केलंस म्हणतील.

"शुद्धलेखन बरं आहे. एक चूक आहे. आई तशी बसली नव्हती. तू नव्हतास का तिथं?"

"होतो सर. पण आठवत नाही."

"मग आठवत नाही म्हणून लिहायचं. मनचं लिहायचं नाही." आणि त्यांनी आई कशी बसली होती ते मला सांगितलं, एकदा, सावकाश, आणि वर्गात म्हणून घ्यायचे तसं माझ्याकडून म्हणून घेतलं. मी स्टँडवर, माणसांत, मोठ्याने म्हणालो. "आता दुरुस्त कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

ग्रुपवरचा मेसेज आता बदलता येत नाही, वेळ टळून गेली. म्हणून दुरुस्ती इथं करतो. सरांची आई एका बाजूला पाय सोडून बसली नव्हती. ती नऊवारी आवरून दोन्हीकडे पाय टाकून बसली होती, दोन्ही हात सरांच्या खांद्यांवर, आणि पिंपळापासून आमच्या घरापर्यंत सारखी म्हणत होती, "आजून जोरात ने रं."